गॅलिक संस्कृतीच्या अभ्यासासाठी फाउंडेशन वर्ष करावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कला शाखेतून बारावी झाला आहात, गॅलिक या स्कॉटलंडमधील जुन्या सेल्टिक भाषेची गाणी, लोककथा आणि इतिहास यांचा तुम्हाला अभ्यास करायचा आहे, आणि ज्या सल्लागारांकडे चौकशी केली त्यांनी "आधी एक फाउंडेशन वर्ष करा, पदवीचे पुढे बघू" असे सांगितले आहे. हे वर्ष कारणी लागेल की पैसे आणि वेळ दोन्ही जातील, आणि भाषेचा एक शब्दही येत नसताना संस्कृतीच्या अभ्यासाला हात घालता येतो का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मूळची साताऱ्याची. इतिहासाची पदवी घेऊन स्कॉटलंडला आले, गॅलिक शिकले, आणि गेली बरीच वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती भाषा शिकवते. उरलेल्या वेळात जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी करते. म्हणून पुढचे उत्तर नियमपुस्तकातले नाही, वर्गात जे पाहिले त्यावर आधारलेले आहे. प्रवेशाच्या अटी, शुल्क आणि व्हिसाचे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या बाबतीत संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे, माझ्या शब्दावर विसंबू नये.

खरी अडचण अशी आहे की "फाउंडेशन" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सर्वसाधारण तयारीचे वर्ष. त्यात निबंधलेखनाचे इंग्रजी, संदर्भ देण्याची पद्धत, समाजशास्त्र किंवा राजकारण यांसारखे एकदोन विषय असतात, आणि ते पार पडले की पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्यांचे शालेय शिक्षण त्या पदवीच्या अटीत बसत नाही, त्यांच्यासाठी ते आहे आणि त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण त्यात गॅलिकचे अक्षरही नसते. दुसरी म्हणजे पदवीचेच पहिले वर्ष, ज्यात भाषेचा पाया घातला जातो आणि सोबत इतिहास, गाणी, साहित्य यांची ओळख होते. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची असते, इंग्लंडपेक्षा एक वर्ष जास्त, आणि त्यामुळे ग्लासगो, एडिंबरा व ॲबर्डीन या विद्यापीठांत गॅलिक शून्यापासून शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात जागा असते. स्काय बेटावरचे सावल मोर ऑस्टेग हे महाविद्यालय तर सगळा कारभारच गॅलिकमध्ये चालवते. तिथे एका वर्षाचा, भाषेत पूर्ण बुडवून काढणारा अभ्यासक्रम आहे. त्याला अन कूर्सा कोमिश म्हणतात आणि त्याच्या शेवटी उच्च शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळते. तुम्हाला ज्याची गरज आहे ते हे दुसऱ्या प्रकारचे वर्ष.

मी स्वतः इथे चूक केली होती. पदवी हातात असूनही एका संस्थेच्या सर्वसाधारण तयारीच्या वर्षासाठी पैसे भरले, कारण माहितीपत्रकात "सेल्टिक अभ्यासाकडे जाणारा मार्ग" असे छापलेले होते. वर्षभरात सेल्टिक म्हणून जे काही आले ते एका दुपारचे एक व्याख्यान. त्या वर्षी मी इंग्रजीत निबंध लिहायला शिकले, ते पुढे कामाला आले हे नाकारत नाही, पण ज्या कामासाठी घर सोडले होते ते काम पुढच्या सप्टेंबरपर्यंत सुरूच झाले नाही. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न म्हणूनच हा आहे की तुमची बारावी थेट पहिल्या वर्षासाठी चालते का. स्कॉटलंडमधील अनेक विद्यापीठे चांगल्या गुणांची बारावी ग्राह्य धरतात. मंडळ कोणते, टक्के किती आणि इंग्रजीत किती, यावर ते ठरते. चालत असेल, तर तयारीचे वर्ष मधे घालण्याचे काही कारण मला दिसत नाही. चालत नसेल, तर ते वर्ष घ्या, पण त्यानंतर गॅलिकच्या पदवीत जागा मिळण्याची हमी आहे का, हे आधी विचारा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. भाषेशिवाय संस्कृतीचा अभ्यास सुरू करता येतो, पण फार लवकर अडतो, आणि तो नेमका कुठे अडतो हे एका उदाहरणाने सांगते.

१८८२ साली स्काय बेटावर ब्रेज येथे कुळांनी चराईच्या जमिनीवरून जमीनदाराला विरोध केला आणि ग्लासगोहून आलेल्या पोलिसांशी त्यांची झटापट झाली. त्यानंतर सरकारने हायलँड, म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि बेटे इथल्या कुळांची स्थिती तपासण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर, जे आधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही महिने हंगामी व्हाइसरॉयही होते. मे १८८३ मध्ये पहिली सुनावणी ब्रेज इथेच झाली, १८८४ मध्ये अहवाल आला, आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. या आयोगापुढच्या साक्षी आज कुणालाही वाचता येतात, आणि माझे विद्यार्थी पहिल्या सत्रात त्या वाचतातही. पण कित्येक कुळांनी साक्ष दिली ती गॅलिकमध्ये. दुभाष्याने ती इंग्रजीत सांगितली आणि कागदावर उतरले ते इंग्रजी. साक्षीदार जमिनीवरच्या आपल्या नात्याबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात ज्या कल्पना होत्या, त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे दूखस. पिढ्यान्पिढ्या एखाद्या भूमीवर राहिलेल्या कुटुंबाचा त्या भूमीशी जडलेला संबंध, त्यातून येणारा हक्क आणि त्यातून येणारा स्वभाव, हे सगळे त्या एका शब्दात आहे. मराठी वाचकाला लगेच मिरास आठवेल, आणि ती आठवण योग्य दिशेची आहे. पण मिरासीला कागद होता, गावदप्तरात नोंद होती, आणि दूखसला कायद्याच्या नजरेत काहीच आधार नव्हता. इंग्रजी साक्षीत तिथे "आमचे वाडवडील इथे राहिले" एवढेच दिसते. गॅलिक येत नसेल तर ते वाक्य हळहळ म्हणून वाचले जाते. गॅलिक येत असेल, तर तो माणूस दावा मांडत होता असे वाचण्याची शक्यता तुमच्यापुढे उघडते, आणि मग ती साक्ष पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते.

संस्कृती या शब्दासाठी गॅलिकमध्ये जो शब्द सर्वांत जिव्हाळ्याने वापरतात तो दुअलखस, म्हणजे वारशाने अंगी आलेले. दूखस भूमीकडून येते, दुअलखस माणसांकडून. हा फरक पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या बोलण्यात आपोआप येऊ लागला, की मी समजते वर्ष सत्कारणी लागले.

गाण्यांचे उदाहरण अधिक सोपे आहे. मागावरून उतरलेले लोकरी कापड घट्ट आणि उबदार व्हावे म्हणून बेटांवरच्या बायका ते ओले कापड एका लांब फळीभोवती बसून आपटत आणि चोळत, आणि ते करताना गात. या कामाला लुअग म्हणतात आणि त्या गाण्यांना ओरन लुआई. कापड हातोहात पुढे सरकते ते सूर्याच्या दिशेने, आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने. एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या जणी धरतात ते पालुपद, जे बहुतेक वेळा "हि रि", "हो रो" अशा अर्थ नसलेल्या ध्वनींचे असते. नवा विद्यार्थी त्या ध्वनींना भरताड समजून सोडून देतो. मी वर्गात एकाच गाण्याची तीन मुद्रणे ऐकवते आणि फक्त ते ध्वनी लिहून काढायला सांगते. पहिल्या वेळी प्रत्येकाच्या वहीत वेगळेच काही असते. चौथ्यापाचव्या वेळी लक्षात येते की त्यांचा क्रम ठरलेला आहे, त्या गाण्याची चाल आणि ओळख त्यांनीच बांधली आहे, आणि चुकीचे ध्वनी म्हणणाऱ्या नवशिकीला जाणती गायिका तिथेच थांबवील. हे ऐकू येण्यासाठी आधी गॅलिकचे खरे शब्द कुठे संपतात ते कळावे लागते, म्हणजे पुन्हा भाषाच लागते. जात्यावरच्या ओवीशी तुलना करण्याचा मोह तुम्हाला होईल. तुलना जरूर करा, पण एवढे ध्यानात ठेवा की ओवी पहाटेच्या अंधारात एक-दोघींची असते, आणि लुअगचे गाणे आठ-दहा जणींच्या तालबद्ध कष्टाचे असते. त्यामुळे दोन्हींची रचनाही वेगळी होते.

मराठी माणसाला ही भाषा अवघड जाईल का, हेही तुम्ही विचारले आहे. काही ठिकाणी ती इंग्रजी भाषकापेक्षा तुम्हाला सोपी जाईल. गॅलिकमध्ये इंग्रजी "हॅव"सारखे मालकी दाखवणारे क्रियापद नाही. "माझ्याकडे पुस्तक आहे" हे "हा ल्योर अकम" असे सांगतात, ज्यात पुस्तक माझ्यापाशी असते. भूक लागते ती माणसावर येते, आणि भाषा माणसापाशी असते: "हा गालिक अकम", मला गॅलिक येते. मराठीत आपण "मला भूक लागली", "मला भाषा येते" असेच म्हणतो, कर्ता बाजूला ठेवतो, म्हणून या रचना समजावून सांगताना मला मराठी विद्यार्थ्यापुढे कधीच थांबावे लागले नाही. जुनी गॅलिक मोजणी विसांची आहे, साठ म्हणजे तीन विसा. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी हीच मोजणी होती.

अवघड आहे ते वेगळेच. मराठीत शब्दाचे सामान्यरूप शेवटाकडे होते, घोडा-घोड्याला. गॅलिकमध्ये शब्द तोंडाकडून बदलतो. मारी नावाच्या बाईला हाक मारायची तर "अ व्हारी" म्हणायचे, आणि शेमसला हाक मारायची तर "अ हेमिश". या हाकेतूनच इंग्रजीत हेमिश हे स्वतंत्र नाव तयार झाले. याचा व्यावहारिक परिणाम असा की ऐकलेला शब्द शब्दकोशात कुठे शोधायचा हेच पहिले चार महिने कळत नाही. लेखनात अक्षरे अठराच असली तरी उच्चाराचे नियम दाट आहेत. नियम पक्के असल्यामुळे ते एकदा बसले की बसतात, पण तोवर धीर सुटतो, आणि नोव्हेंबरमध्ये वर्ग सोडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते सगळे हुशार होते. गाण्यांवर प्रेम करत आले होते आणि व्याकरणाला इतके तोंड द्यावे लागेल हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. तुम्हाला मी सांगून ठेवते आहे. ज्याच्या शब्दकोशावर आजही सगळे विसंबतात तो एडवर्ड ड्वेली लंडनजवळचा इंग्रज होता आणि गॅलिक त्याने बाहेरून येऊन शिकली, एवढे त्या नोव्हेंबरमध्ये आठवावे.

शहर निवडावे की बेट, हे मात्र खरोखर माणसावर अवलंबून आहे. ग्लासगोत गॅलिक बोलणारे भरपूर आहेत, गॅलिक माध्यमाची शाळा आहे, गाण्याच्या मैफली आहेत, आणि वर्ग संपला की हवे तेव्हा इंग्रजीत परतता येते. ही सोय आहे आणि तोच धोकाही आहे. स्कायवर स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवतानाही भाषा सुटत नाही. पण डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारलाच अंधार पडतो, बस मोजक्या, घरे महाग, आणि आपल्या भाषेचे माणूस जवळपास नसते. ज्याला एकांत सोसत नाही त्याने पहिले वर्ष शहरात काढून उन्हाळ्यात बेटावर आठवड्याचे लघुवर्ग करावेत, असा सल्ला मी अनेकांना दिला आहे आणि तो लागू पडला आहे.

बेटावर काय मिळते याचा एक प्रसंग सांगते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका गावी एका आजींकडे मला नेले होते. त्यांनी मला नाव विचारले नाही. त्यांनी विचारले, "को लेश ऊ?" शब्दशः अर्थ, तू कुणाची? बेटांवर माणसाची ओळख त्याच्या स्लोन्यगने होते, म्हणजे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. आडनावे मोजकीच असल्यामुळे त्याशिवाय कोण कोणाचा ते कळत नाही. मी माझे नाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव त्याच क्रमाने सांगितले, जसे आपण शाळेच्या हजेरीपटात लिहितो. आजींनी ते तिन्ही शब्द सावकाश परत म्हणून पाहिले, तिसऱ्या नावापाशी थांबून आजोबांचे गाव विचारले, आणि मग खुर्ची पुढे ओढून बोलायला लागल्या. त्या दिवशी मला अर्धेही कळले नाही. पण गाणी गोळा करणाऱ्याने दारात पाऊल कसे ठेवायचे ते त्या एका प्रश्नाने मला शिकवले.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. २०११ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे सुमारे ५७ हजार होते, २०२२ मध्ये ते सुमारे ७० हजार झाले, आणि भाषेचे काही ना काही ज्ञान असलेले सुमारे १ लाख ३० हजार भरले. हे आकडे वाढते आहेत, २०२५ च्या कायद्याने भाषेला अधिकृत दर्जाही मिळाला आहे. पण त्याच काळात पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे ती घराघरात होती, तिथल्या लोकसंख्येत बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याखाली गेले आहे. म्हणजे भाषा शिकणारे वाढत आहेत आणि तिच्यात जन्मलेले कमी होत आहेत. तुम्ही त्या पहिल्या गटात येता. तेव्हा ज्यांच्या घरी जाऊन तुम्ही ऐकणार, त्यांचा वेळ आणि त्यांचे शब्द ही किती मोलाची गोष्ट आहे याचे भान पहिल्या दिवसापासून असावे.

व्हिसा आणि पैसे यांबद्दल थोडक्यात. घरबसल्या केलेल्या दूरस्थ अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. सध्याच्या नियमांनुसार पदवीच्या पातळीखालच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला सत्रकाळात आठवड्याला १० तास काम करता येते आणि पदवीच्या अभ्यासक्रमाला २० तास. तेव्हा एका वर्षाच्या प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवणे आणि चार वर्षांच्या पदवीसाठी नोंदवून तेच पहिले वर्ष करणे, यांत कागदोपत्री मोठा फरक पडतो. ती संस्था त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाचे प्रायोजकत्व देते का, प्रवेशाआधी किती गॅलिक यावी लागते, आणि आठवड्याचे किती तास शिकवणे प्रत्यक्ष गॅलिकमध्ये होते, हे तीन प्रश्न विभागाला थेट पत्राने विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात आले नाही, तर तो अभ्यासक्रम बाजूला ठेवा. स्कॉटलंडमध्ये पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्याअखेर पदविका आणि तिसऱ्याअखेर साधी पदवी घेऊन बाहेर पडता येते, हेही घरच्यांना सांगून ठेवा. चार वर्षांचा आकडा ऐकून त्यांना जी धास्ती वाटते ती थोडी कमी होईल.

पैसे भरण्याआधी सहा महिने घरीच परीक्षा घ्या. लर्नगॅलिक आणि स्पीकगॅलिक या दोन्ही संकेतस्थळांवर पहिले धडे विनामूल्य आहेत. टोबर अन दुअलखस या संग्रहात एडिंबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून गावोगाव फिरून केलेली मुद्रणे ऐकायला मिळतात. कॅलम मॅक्लेन हे त्यांचे पहिले संग्राहक, त्यांनी केलेली मुद्रणे शोधून ऐका. आणि त्याच सहा महिन्यांत, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रात जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहातल्या काही नोंदी नीट पाहा. गाणारीचे नाव, गाव, प्रसंग कसा टिपला आहे ते बघा. कान गॅलिकने तयार होतील आणि नोंद कशी घ्यावी ते मराठीतून कळेल.

अर्जासोबतच्या निवेदनात "मला सेल्टिक संस्कृतीचे आकर्षण आहे" असे लिहू नका. तसे शेकडो जण लिहितात. तुमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी वेगळे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असई इथे मराठ्यांशी जी लढाई झाली, तिच्यात इंग्रजांच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी होत्या. ७८ वी पलटण सीफोर्थच्या मॅकेंझी प्रमुखाने उभी केलेली, आणि तिच्या रांगेत गॅलिक हीच मातृभाषा असलेले कितीतरी शिपाई होते. ज्या डोंगरांतून पुढच्या काही दशकांत कुळे हुसकून लावली गेली, त्याच डोंगरांतली ही मुले खेळणा नदीकाठी उभी होती. त्यांच्या घरी या लढाईबद्दल काय बोलले गेले, काय गायले गेले, हा प्रश्न मराठी आणि गॅलिक दोन्ही येणाऱ्या माणसालाच नीट विचारता येईल. हा विषय तुम्हाला भावला तर घ्या, नाहीतर तुमचा स्वतःचा शोधा, पण तो असाच नेमका असू द्या. लघुवर्गांच्या तारखा आणि पदवीची अंतिम मुदत वेगवेगळी असते, म्हणून विभागाला ते तीन प्रश्नांचे पत्र याच आठवड्यात पाठवा, आणि त्यांचे उत्तर आले की पुन्हा लिहा; तुमच्या गुणांवर कोणता मार्ग बसतो ते आपण तेव्हा पाहू.